कार्डावर सुनेचं नाव आहे?

रेशनकार्ड म्हटलं की गहू-तांदूळ आठवतात. रायगडच्या किनाऱ्यावर मात्र हेच कार्ड ऑपरेशनलाही चालतं, आणि तेही 2012 पासून. त्या वर्षी 2 जुलैला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आधी आठच जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं.

तेव्हा लाभ पिवळ्या-केशरी कार्डांना होता, कुटुंबामागे वर्षाला दीड लाखांचा. जुलै 2023 च्या शासन निर्णयाने तो पाच लाखांवर नेला आणि पांढरं कार्डही आत घेतलं. हे उशिरा सुचलं, पण बरं झालं. घरचं उत्पन्न लाखापलीकडे जरासं गेलं की कार्ड पांढरं. हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या बिलापुढे त्या ‘जरासं’ला काय किंमत?

अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. तो कार्ड आणि ओळखपत्र पाहतो, मंजुरीसाठी कागद पुढे पाठवतो. मंजूर उपचाराच्या पॅकेजमध्ये तपासण्या, औषधं, जेवण, घरी परतायचं भाडंसुद्धा येतं. पण आधी तिथवर पोचायला हवं. श्रीवर्धन किंवा मुरूडच्या माणसाला मोठ्या उपचारासाठी अलिबाग, पनवेल नाहीतर मुंबई गाठावी लागते. सोबत्याचा खर्च आणि ऐन हंगामात खलाशाची बुडालेली मजुरी कोणत्याच पॅकेजमध्ये नाही.

शिवाय ही योजना भरती झालेल्या रुग्णाची. रक्तदाबाची रोजची गोळी तिच्यात बसत नाही. ती सरकारी दवाखान्यातून घ्यायची. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. गोळी वेळेवर मिळाली तर पुढचे लाख वाचतात, म्हणून माझ्या मते गावच्या आरोग्य केंद्रातला औषधसाठा पाच लाखांच्या घोषणेइतकाच महत्त्वाचा.

खरी गळती कागदावर होते. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी होतं, सासरच्या कार्डावर चढायचं राहून जातं. पाऊस सरला की वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबाकडे कार्ड काय, दुसरा कोणता कागदही नसेल, तर पाच लाख काय नि दीड लाख काय!

तेव्हा आजच कपाटातलं कार्ड काढा, घरातल्या प्रत्येकाचं नाव आहे का पाहा. नसेल तर तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत अर्ज द्या. योजनेची हेल्पलाइन : 155388.