मोहाची दारू: गाळायला मुभा, विकायला मनाई

आज रायपूरहून बोलतोय. इथल्या आम्हा मराठी घरांत दारूचा विषय निघाला की आवाज आपोआप खाली येतो. तरी आज तोच घेऊ, कारण प्रश्न पिण्याचा नाही, विकण्याच्या हक्काचा आहे.

रायपूरहून बस्तरच्या वाटेला लागा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच झाडाखाली बाया मोहाची फुलं वेचताना दिसतील. फुलं वाळवायची, पाण्यात भिजवून काही दिवस आंबू द्यायची आणि मग चुलीवर गाळायची. छत्तीसगडात आदिवासींना स्वतःच्या वापरासाठी ५ लिटरपर्यंत अशी दारू ठेवायची मुभा आहे. ती विकली मात्र, की गुन्हा. शिवाय २०१७ पासून इथली किरकोळ दारूविक्री सरकारी महामंडळाच्या हातात आहे. म्हणजे फूल विकलं तर आधारभूत किंमत, आणि त्याच फुलाची बाटली विकली तर खटला!

आठवडी बाजारात ती विकली जाते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तिथं बसणाऱ्या बाईला कागदाचा आधार नाही. कुणी डोळेझाक केली तर धंदा, नाहीतर मडक्यासकट सगळं गेलं.

आता नाशिककडे बघा. महाराष्ट्रानं २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. आज तिथल्या वायनरीत पाहुणा येतो, चव घेतो, बाटली विकत घेऊन जातो. मधला ठोक व्यापारी नाही, त्यामुळे नफा बनवणाऱ्याच्या घरात राहतो. थेट विक्री म्हणजे एवढंच. शेजारच्या मध्य प्रदेशानं २०२२-२३ च्या आबकारी धोरणात मोहाच्या दारूला 'हेरिटेज' म्हटलं आणि आदिवासी बचत गटांना ती बनवायची वाट मोकळी केली. द्राक्षाला जे चालतं, ते मोहाला का नको?

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. दल्ली-राजहऱ्यात शंकर गुहा नियोगींच्या संघटनेनं खाणमजुरांमध्ये दारूमुक्तीची चळवळ चालवली, ती पगार दारूत जात होता म्हणून. सीमेपलीकडे गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि इथली बाटली तिकडे जाणार नाही, असं कोण म्हणेल?

म्हणून सरसकट परवाने वाटा, असं मी म्हणत नाही. १९९६ च्या पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला दारूवर बंदी घालण्याचा किंवा तिची विक्री नियंत्रित करण्याचा अधिकार दिलाय. तोच वापरा. ज्या गावाला नको, तिथं बंदी. ज्या गावाला हवी, तिथं बचत गटाला छोटा परवाना, महिन्याला ठरावीक लिटर, विक्री फक्त गावात आणि हाटात, आणि प्रत्येक खेपेची तपासणी. तपासणीचा खर्च सरकारनं उचलावा. नाहीतर परवाना शेवटी त्यालाच मिळेल, ज्याच्याकडे आधीच कारखाना आहे.