भिरभिरणारं चाक आणि एक बटण

मुलांनो, पुढच्या वेळी मोटारीत बसाल तेव्हा चालकाच्या आसपास एक बटण शोधा. त्यावर छोटीशी मोटार आणि तिच्या चाकांखालून निघालेल्या दोन नागमोडी रेघा काढलेल्या असतात. सगळ्याच गाड्यांना ते नसतं. सापडलं तर हात लावू नका बरं का, नुसतं बघा. चाक घसरू नये म्हणून गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल नावाची यंत्रणा बसवतात. ती बंद करायचं हे बटण.

आता तुम्ही विचाराल, घसरू नये म्हणून मुद्दाम यंत्र बसवलं, तर ते बंद कशाला करायचं? त्यासाठी तुम्हाला आमच्या माण तालुक्यात यावं लागेल.

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेचा हा दुष्काळी मुलूख. माणगंगा इथल्याच कुळकजाईच्या डोंगरात उगम पावते आणि म्हसवडवरून पुढे सांगली जिल्ह्यात आटपाडीकडे जाते. वर्षातले कितीतरी महिने तिचं पात्र कोरडंच. जवळची वाट म्हणून कुणीतरी त्यातून गाडी घालतं आणि गाडी मध्यावर रुतते. इंजीन ओरडतं, एक चाक जागच्या जागी गरागरा फिरतं, वाळू उडते. आणि त्याच्या जोडीचं दुसरं चाक? ते ढिम्म! इंजीन एकच, मग असं का?

याचं उत्तर शाळेच्या मैदानावर मिळेल. कवायतीत चौघांची रांग वळते तेव्हा आतला मुलगा जागच्या जागी पाय आपटतो आणि बाहेरच्याला जवळजवळ पळावं लागतं. मोटार वळतानाही बाहेरचं चाक जास्त अंतर चालतं. बैलगाडीला ही अडचण नाही, कारण तिची दोन्ही चाकं आखावर आपापली मोकळी फिरतात. जोर लावायचा तो बैलांनी! मोटारीत मात्र इंजिनाचा जोर चाकांनाच द्यायचा असतो. म्हणून दोन चाकांच्या मध्ये दातेरी चक्रांची एक पेटी असते, तिचं नाव डिफरन्शियल. ती दोन्ही चाकांना सारखाच जोर देते, पण वेगवेगळ्या वेगानं फिरू देते. रस्त्यावर हे फार सोयीचं. वाळूत मात्र घोटाळा होतो. सैल वाळूतलं चाक फिरवायला अगदी थोडा जोर पुरतो. मग दुसऱ्या चाकालाही तेवढाच थोडा जोर मिळतो, आणि तेवढ्यानं गाडी काही हलत नाही.

आमच्याकडच्या ट्रॅक्टरवाल्यांना हे पुस्तक न वाचता ठाऊक असतं. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या मागच्या चाकासाठी ब्रेकचे दोन वेगळे पेडल असतात. शेताच्या कडेला चटकन वळायला त्यांचा उपयोग होतो. पण चिखलात एक चाक भिरभिरायला लागलं, की जाणता माणूस फक्त त्याच चाकाचा ब्रेक हलकेच दाबतो. मग ते चाक फिरवायला जास्त जोर लागतो, म्हणून दुसऱ्यालाही जास्त जोर मिळतो आणि ट्रॅक्टर निघतो. बऱ्याच ट्रॅक्टरांना टाचेजवळ डिफरन्शियल लॉकचा पेडलही असतो. तो दाबला की दोन्ही चाकं एकत्र बांधल्यासारखी फिरतात. वळायच्या आधी तो सोडावाच लागतो, नाहीतर ट्रॅक्टर सरळच जायला बघतो. आणि डांबरी रस्त्यावर येताना ब्रेकचे दोन्ही पेडल कडीनं जोडायचे असतात. ते न जोडता वेगात ब्रेक मारला आणि एकच चाक अडलं, तर ट्रॅक्टर उलटू शकतो. तुमच्या घरी ट्रॅक्टर असेल तर ती कडी आजच बघून या.

ट्रॅक्टरवाला पायानं करतो तेच काम ट्रॅक्शन कंट्रोल करतं. प्रत्येक चाकाजवळ त्याचा वेग मोजणारा संवेदक असतो. एखादं चाक इतरांपेक्षा फाजील वेगानं फिरू लागलं, की आतला छोटा संगणक त्याच चाकाला ब्रेक लावतो आणि इंजिनाचा जोरही कमी करतो. डोळ्याची पापणी लवायच्या आत! अशी यंत्रणा 1980 च्या दशकात मोटारींत आली. शर्यतीच्या गाड्यांतही ती होती. पण कौशल्य संगणकाचं नको, चालकाचं दिसू दे, म्हणून फॉर्म्युला वनमध्ये 2008 पासून तिला बंदी आहे.

मग वाळूत ती बंद का करायची? वाळूत चाक थोडं घसरणारच, घसरत घसरतच गाडी पुढे सरकते. संगणकाला वाटतं, चूक झाली. तो इंजिनाचा जोर काढून घेतो. गाडीची ओढ संपते आणि ती आणखी बसते. अशा वेळी चालक बटण दाबतो. जणू संगणकाला म्हणतो, ‘तू जरा थांब, मी बघतो.’ पण नुसतं बटण दाबून भागत नाही. टायरमधली हवा कमी करावी लागते. नेहमी ती साधारण 30 असेल, तर वाळूत 20 पर्यंत उतरवतात. म्हणजे टायर पसरतो. चाकापुढची वाळू हातानं उकरायची, खाली कडबा किंवा गोणपाट घालायचं. बाभळीच्या फांद्या घालू नयेत, काटा टायरात शिरला तर नवीनच काम! रागारागानं इंजीन फिरवलं तर चाक स्वतःचाच खड्डा खणतं.

तुम्ही त्या वेळी कुठे उभे राहाल? फिरत्या चाकाच्या मागे किंवा पुढे तर मुळीच नाही. तिथून दगड गोफणीतून सुटल्यासारखा येतो. दोरानं ओढत असतील तर आणखी लांब, कारण तुटलेला दोर चाबकासारखा फटकारतो.

गाडी निघाली की सगळे टाळ्या वाजवतात आणि बटण विसरतात. बऱ्याच गाड्यांत इंजीन बंद करून पुन्हा सुरू केलं, की यंत्रणा आपोआप चालू होते. पण चालू इंजीन बंद करतो कोण? गाडी तशीच दहिवडीहून फलटणकडे निघते. वाटेत मोगराळे घाट, वळणं, आणि नुकती पावसाची सर येऊन गेलेली! ओल्या वळणावर चाक घसरलं तर आवरायला संगणक जागा नाही. समोर ‘ऑफ’ लिहिलेला पिवळा दिवा मात्र जळत असतो. तो एकसारखा जळत असेल तर यंत्रणा बंद आहे. मागच्या सीटवरून तो सहज दिसतो. दिसला तर घाट सुरू व्हायच्या आधीच विचारा, “मामा, ते बटण परत लावलं का?”