पंख्याचे वाइंडिंग आणि अम्मींचा हिशेब

मालेगावच्या आमच्या घरातला छताचा पंखा अब्बांनी घेतलेला. अब्बा आता नाहीत. यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर एका दुपारी जळका वास आला आणि पंखा थांबला. मुलांचे मत झाले, नवाच घेऊ. अम्मी एवढेच म्हणाल्या, "आधी उघडून बघा तरी."

पंखा गुणगुणतो पण सुटत नाही, हाताने ढकलला की फिरतो, असे असेल तर बहुतेक वेळा कंडेन्सर गेलेला असतो. तो साधारण 2.5 मायक्रोफॅरडचा, स्वस्तात मिळतो. आधी तोच बदलून पाहावा, नाहीतर चांगले वाइंडिंग उगाच उपटले जाते. आम्ही बदलला, फरक पडला नाही. मग मल्टिमीटर लावला. पंख्यातून तीन तारा येतात: रनिंग, स्टार्टिंग आणि दोघींची कॉमन. कॉमनपासून दोन्हींचा रोध मोजायचा. त्यांची बेरीज रनिंग आणि स्टार्टिंगच्या टोकांमधल्या आकड्याइतकी यायला हवी. आमच्या रनिंगचा आकडाच येईना.

छताच्या पंख्यात गाभा मधे स्थिर असतो आणि बाहेरची पेटी पाती घेऊन फिरते. गाभ्याला खाचांच्या दोन रांगा, एक आत, एक बाहेर. जुनी तार काढण्याआधी फोटो काढले, वहीत नकाशाही काढला. शेजारशेजारच्या कॉइलींमधून वीज उलटसुलट दिशेने फिरायला हवी. एक जरी चुकली तर पंखा नीट चालत नाही. मग एक कॉइल एका बाजूने कापून टोके मोजली. धाकट्याचे 377 आले, मोठीचे 381, आमचे 380. पुन्हा मोजले, 380 ठरले. तारेवरचे इनॅमल जाळून शाळेतल्या स्क्रू गेजने जाडी घेतली: 0.19 मिलीमीटर, म्हणजे 36 नंबरची तार. वर्षानुवर्षे फळ्यावर शिकवलेला स्क्रू गेज घरच्या कामाला पहिल्यांदाच आला.

तार मिळायला आमच्या गावात अडचण नाही. जिथे यंत्रमाग तिथे मोटारी, आणि जिथे मोटारी तिथे वाइंडिंगची दुकाने.

वेढे घातले अम्मींनी. उमेदीची वर्षे त्यांनी मागासाठी कांड्या भरल्या. सूत किती ताणायचे, कुठे सैल सोडायचे, हे त्यांच्या बोटांना ठाऊक. आमच्या हातून तार दोनदा तुटली, त्यांच्या हातून एकदाही नाही. नमाजनंतर तस्बीह बोटांच्या पेरांवर मोजायची सवय; तशीच दर दहा वेढ्यांना एक पेर. मधे कोणी बोलले तर ओठ न हलवता डोळ्यांनी गप्प करायच्या.

दोन दिवसांत काम झाले. लगेच टांगायची सगळ्यांना घाई. गल्लीतल्या वायरमनने मात्र आधी सिरीज दिवा लावायला सांगितला, आणि ते काम स्वतः केले. पंख्याच्या वाटेत 100 वॅटचा जुना पिवळा बल्ब जोडायचा; एलईडी इथे चालत नाही. एक टोक वाइंडिंगला, दुसरे गाभ्याच्या लोखंडाला. दिवा लागता कामा नये. आमचा लख्ख पेटला.

एका खाचेच्या काठावर इन्सुलेशनचा कागद फाटला होता आणि तार लोखंडाला लागली होती. आमच्या जुन्या घरात पंख्याला अर्थिंग नाही. तसाच टांगला असता तर पेटीत करंट उतरला असता, आणि दर ईदला स्टुलावर उभे राहून ओल्या फडक्याने तो पंखा पुसतात त्या अम्मीच. वायरमन गेल्यावर बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

पुन्हा सगळी तार काढली. नवे कागद घातले, या वेळी खाचेच्या दोन्ही बाजूंनी थोडे बाहेर ठेवून. पुन्हा 380 वेढे, पुन्हा पेरांवर हिशेब. दिवा लागला नाही, अल्हम्दुलिल्लाह. मग वार्निश पाजून गाभा उन्हात पूर्ण वाळवला. वार्निश तारा घट्ट धरते. ते नसेल तर थरथरून इनॅमल घासले जाते.

पंखा घरी जमला म्हणून बोअरची मोटार उघडायला आम्ही धजणार नाही. पाण्यात बसणारी मोटार वाइंडरकडेच जावी. पंख्यालाही मेन स्विच बंद केल्याशिवाय हात लावू नये, आणि जुन्या कंडेन्सरची टोके उघड्या बोटांनी धरू नयेत. त्यात वीज साठलेली असू शकते.

पंखा आता तीन नंबरवर छान फिरतो. पाचवर थोडा आवाज करतो. बेअरिंग बदलायचे राहिले आहे. अम्मी म्हणतात, तेवढा आवाज तो पहिल्यापासूनच करायचा.