पिवळ्या खुणेला घाबरू नका

शेगडी पेटली नाही म्हणून आपण लगेच नवी शेगडी आणायला धावत नाही. आधी रेग्युलेटर बघतो, नळी बघतो, सिलिंडर हलवून बघतो. पण घरातल्या कॉम्प्युटरचा आवाज गेला किंवा प्रिंटर रुसला, की आपला धीर सुटतो. ‘बिघडला’ म्हणून तो पिशवीत भरायचा आणि एसटीनं चंद्रपूर किंवा गडचिरोली गाठायचं. मूलवाल्यांना हे एक वेळ परवडेल, चंद्रपूर 45 किलोमीटरच्या आसपास आहे. पण सिरोंच्याच्या बाईनं काय करायचं? तिथून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या पुढे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या तर आपण वर्षानुवर्षं वाचतोय.

मी मूलला घरीच टायपिंगची आणि ऑनलाइन अर्ज भरण्याची कामं करते. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे. ‘बिघडलेला’ म्हणून आलेला कॉम्प्युटर पुष्कळदा बिघडलेला नसतोच. त्याचा नुसता ड्रायव्हर हरवलेला असतो.

आता हा ड्रायव्हर म्हणजे कोण? आपल्याकडच्या आठवडी बाजाराचं उदाहरण घ्या. चारोळी घेऊन आलेली आजी माडिया बोलते, घेणारा व्यापारी मराठी. दोघंही आपापल्या जागी हुशार, पण सौदा होतो तो दोन्ही भाषा येणारी एखादी पोरगी मध्ये उभी राहिली तर. कॉम्प्युटरमध्ये विंडोज एक भाषा बोलतं, प्रिंटर दुसरी, आवाजाची चिप तिसरी. त्यांच्यामध्ये दुभाष्याचं काम करणारा छोटासा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. तो नसेल तर यंत्र धडधाकट असूनही मुकं!

गेल्या वर्षी धानोऱ्याकडच्या माझ्या मैत्रिणीचा फोन आला. लेकीचा नर्सिंगचा अर्ज भरायचा होता, मुदतीला दोन दिवस उरलेले. लॅपटॉप हळू चालतो म्हणून एका दुकानातून फॉरमॅट करून आणला, तर वायफायही गेलं आणि आवाजही. दुकानदार म्हणाला, ‘‘कार्ड उडालं, 1800 रुपये लागतील, चार दिवस ठेवा.’’ ती रडकुंडीला आलेली. म्हटलं, ‘‘अगं, थांब जरा. मी सांगते तसं कर.’’

तिला सांगितलं तेच तुम्हालाही सांगते. खालच्या स्टार्टच्या चिन्हावर माउसचं उजवं बटण दाबा. यादीत ‘डिव्हाइस मॅनेजर’ दिसेल, ते उघडा. कॉम्प्युटरच्या सगळ्या अवयवांची ही हजेरीच. ज्याच्यापुढे पिवळ्या त्रिकोणात उद्गारचिन्ह असेल, त्याचं दुखणं आहे. त्यावर डबल क्लिक केलं की कारण लिहिलेलं दिसतं. ‘कोड 28’ असेल तर ड्रायव्हर टाकलेलाच नाही, ‘कोड 10’ असेल तर ते यंत्र सुरू होऊ शकत नाही. मैत्रिणीकडे दोन पिवळ्या खुणा होत्या, दोन्हींवर कोड 28. म्हणजे कार्ड उडालेलं नव्हतंच! विंडोजला ते दिसत होतं, फक्त त्याच्याशी बोलता येत नव्हतं.

आता पुढची पायरी, तीच खरी गंमत. त्याच खिडकीत ‘डिटेल्स’वर जा आणि ‘प्रॉपर्टी’च्या यादीतून ‘हार्डवेअर आयडी’ निवडा. इंग्रजी अक्षरं-आकड्यांची एक ओळ दिसेल. बघून घाबरायचं नाही. ते त्या भागाचं आधार कार्ड समजा. त्यात ‘व्हीईएन’नंतरचा आकडा म्हणजे बनवणारी कंपनी. 8086 म्हणजे इंटेल, 10ईसी म्हणजे रिअलटेक. त्यापुढचा ‘डीईव्ही’चा आकडा म्हणजे नेमका कोणता भाग. यूएसबीनं जोडलेल्या वस्तूला ‘व्हीआयडी’ आणि ‘पीआयडी’ असतं. मैत्रीण फोनवर एकेक अक्षर वाचत होती, ‘‘एक, शून्य, ई, सी...’’ मी इकडे वहीत उतरवत होते. दोन्हीकडे रिअलटेकच निघालं.

पण वायफायच नाही, तर ड्रायव्हर आणायचा कुठून? भाऊजींचा मोबाइल चार्जिंगच्या वायरनं लॅपटॉपला जोडायला लावला आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करायला सांगितलं. विंडोज 10 आणि 11 मध्ये बहुतेक मोबाइल असे लगेच चालतात. तेही जमलं नाही, तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाइल उतरवून पेनड्राइव्हनं आणायची.

ड्रायव्हर घ्यायचा तो लॅपटॉपच्या किंवा प्रिंटरच्या कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच. लॅपटॉप उलटा केला की स्टिकरवर मॉडेलचं नाव असतं. ते वेबसाइटच्या ‘सपोर्ट’ किंवा ‘ड्रायव्हर्स’ विभागात टाकायचं. आपलं विंडोज 10 की 11, 32 बिट की 64 बिट, हे आधी सेटिंगमधल्या ‘सिस्टम’मध्ये जाऊन ‘अबाउट’मध्ये बघून ठेवा. चुकीच्या मापाचं ब्लाउज चढत नाही, तसा 32 बिटचा ड्रायव्हर 64 बिटच्या विंडोजवर चढत नाही. आणि ‘तुमचे सगळे ड्रायव्हर फुकट अपडेट करा’ म्हणणाऱ्या जाहिरातींवर अजिबात क्लिक करू नका. त्यातून नको ते प्रोग्राम घरात शिरतात.

उतरवलेली फाइल ‘सेटअप’ असेल तर डबल क्लिक पुरे. झिप असेल तर आधी उघडून एका फोल्डरमध्ये ठेवा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेवर उजवं बटण, ‘अपडेट ड्रायव्हर’, आणि दोन पर्यायांतला ‘ब्राउज माय कॉम्प्युटर’. तो फोल्डर दाखवायचा, पुढे जायचं, शेवटी कॉम्प्युटर बंद करून चालू करायचा. मैत्रिणीला तासभर लागला, त्यातही दोनदा रेंज गेली. पण वायफाय आलं, लॅपटॉप बोलायला लागला आणि त्याच रात्री अर्ज गेला. हात सगळे तिचेच होते, मी फक्त फोनवर होते!

हे सगळं ‘माणसांचं काम’ असं अजूनही काही घरांत समजतात. आपल्याच गावांतल्या बँक सखींकडे बघा. लॅपटॉपला अंगठ्याचं यंत्र जोडून त्या दारात पैसे देतात. त्या यंत्रालाही आधी ड्रायव्हर लागतो आणि आधारसाठी त्याच्यासोबत ‘आरडी सर्व्हिस’ नावाचा आणखी एक प्रोग्राम लागतो. माझ्या ओळखीच्या एका सखीचं यंत्र विंडोजच्या अपडेटनंतर बंद पडलं. श्रावणबाळ योजनेचे पैसे घ्यायला पायी आलेल्या म्हाताऱ्या ओसरीवर बसून. तिनं डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबून जुना ड्रायव्हर परत आणला आणि अंगठे पुन्हा उठायला लागले. तिला हे येत नसतं, तर त्या बायका रिकाम्या हातानं घरी गेल्या असत्या.

म्हणूनच एक पथ्य सांगते. नीट चालणाऱ्या वस्तूचा ड्रायव्हर उगाच बदलू नका. बदलायचाच असेल तर आधी ‘सिस्टम रिस्टोअर’मध्ये एक रिस्टोअर पॉइंट करून ठेवा. म्हणजे काही बिनसलं तर मागे येता येतं. फॉरमॅटला देण्याआधी ड्रायव्हरच्या फाइली पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा.

सगळंच घरी बरं होतं असंही नाही बरं का. यादीत ती वस्तू दिसतच नसेल, वायर बदलूनही दिसत नसेल, तर खरा बिघाड असू शकतो. तेव्हा दुकान गाठावंच. जुन्या प्रिंटरला कंपनीनं नव्या विंडोजचा ड्रायव्हर काढलाच नसेल, तर आपण कितीही शोधून काय उपयोग? 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला. त्यामुळे ‘सगळंच नवं घ्या’ असा सल्ला तुम्हालाही मिळेल. विंडोज 11 वर जाण्याआधी आपल्या प्रिंटरचा, स्कॅनरचा, अंगठ्याच्या यंत्राचा ड्रायव्हर त्यासाठी आहे का, हे कंपनीच्या वेबसाइटवर बघा आणि मगच पैसे मोजा.

एक छोटं काम आजच करा. किराण्याच्या वहीचं मागचं पान घ्या. त्यावर कॉम्प्युटरची कंपनी, मॉडेल, विंडोज कोणतं, किती बिट आणि प्रिंटरचं पूर्ण नाव लिहून ठेवा. जमलं तर डिव्हाइस मॅनेजर उघडून त्या आकड्यांच्या ओळीही उतरवा. सगळं सुरळीत चालू आहे तोवर हे पाच मिनिटांचं काम आहे. आणि बचत गटाच्या पुढच्या बैठकीला ते पान सोबत न्या, दुसरीलाही दाखवा.