फांदी थांबते तिथून पुढे

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जुन्नर, आंबेगाव, खेड, पुरंदर अशा तालुक्यांतून भाजीचे टेम्पो येतात. माल गाळ्यावर उतरतो, तोलला जातो, आडत्याच्या वहीत लागतो आणि शेतकऱ्याच्या हिशेबाने त्याचा प्रवास संपतो. त्याच गाळ्यावरून किरकोळ विक्रेता माल उचलतो, तेव्हा त्याच्या हिशेबाने प्रवास नुकता सुरू झालेला असतो. शहरातल्या अशा घाऊक बाजाराला कृषी अर्थशास्त्रात ‘टर्मिनल मार्केट’ म्हणतात.

‘टर्मिनल’च्या मुळाशी ‘टर्मिनस’ हा लॅटिन शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ हद्द, हद्दीचा दगड. रोमन लोकांनी या दगडालाच देव मानलं होतं. २३ फेब्रुवारीला त्याचा सण असे, नाव ‘टर्मिनालिया’. बांधाला बांध लागून असलेले दोन शेतकरी आपापल्या बाजूने दगडाला माळ घालत, धान्य आणि मध वाहत. शिवेवरच्या म्हसोबाला नारळ फोडणाऱ्या आपल्या गावांना यात नवल वाटू नये. या देवाची एक कथा मला फार आवडते. कॅपिटोलाइन टेकडीवर ज्युपिटरचं देऊळ बांधायचं ठरलं, तेव्हा तिथल्या इतर देवांनी जागा सोडली, पण टर्मिनस हलला नाही. शेवटी त्याला आत घेऊन देऊळ बांधलं आणि त्याच्या डोक्यावर छपराला भोक ठेवलं, कारण त्याची पूजा उघड्या आभाळाखालीच व्हायला हवी.

आपल्याकडे हा शब्द रेल्वेबरोबर रुळला. मुंबईच्या व्हीटीचं १९९६ मध्ये नामांतर झालं, तरी त्यातलं ‘टर्मिनस’ कायम राहिलं.

हाच शब्द आपल्या जंगलांतही शिरला आहे, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. १७६७ मध्ये कार्ल लिनियसने एका वृक्षप्रजातीला ‘टर्मिनालिया’ असं नाव दिलं. रोमन सणाशी त्याचा संबंध नाही. या झाडाची पानं फांदीभर पसरण्याऐवजी तिच्या टोकाशी झुपक्याने येतात, एवढंच त्याला सांगायचं होतं. हिरडा, बेहडा, अर्जुन, ऐन, किंजळ ही सगळी या प्रजातीतली झाडं. म्हणजे त्रिफळा चूर्णातल्या तीन फळांपैकी दोन इथलीच. हे वर्णन बेहड्याला चपखल बसतं, अर्जुनाला तितकंसं नाही. ते सर्वांत चांगलं लागू पडतं देशी बदामाला, म्हणजे टर्मिनालिया कटापाला. सुक्यामेव्यातल्या बदामाशी त्याचं काही नातं नाही. पुण्यात कितीतरी सोसायट्यांच्या आवारात तो उभा असतो, गळण्याआधी लालभडक होणाऱ्या पानांमुळे ओळखूही येतो.

त्याची एखादी खालची फांदी नीट पाहावी. ती खोडापासून जमिनीला समांतर निघते आणि काही अंतर गेल्यावर तिचा शेंडा वर वळतो. तिथे वाढ एकदम मंदावते. दोन पानांमधलं अंतर इतकं कमी होतं की सगळी पानं एकाच ठिकाणाहून निघाल्यासारखी दिसतात. शेंडा मरत नाही, तो तिथेच थोडी थोडी पानं काढत राहतो आणि फुलोराही तिथल्याच पानांच्या बगलेतून येतो. पण लांब जायचं काम आता त्याचं नाही. त्याच्या किंचित खालून एखादा किंवा दोन नवे कोंब फुटतात, आडवे वाढतात आणि पुढे जाऊन तसेच वर वळतात. अशा थांबलेल्या शेंड्यांच्या साखळीतून फांदी तयार होते. खोड मात्र सरळ उभं, टप्प्याटप्प्याने वाढतं आणि प्रत्येक टप्प्याला चहूबाजूंनी फांद्या काढतं. म्हणून कोवळं झाड दीपमाळेसारखं मजल्यामजल्याचं दिसतं.

या रचनेत फायदा काय? जपानचे हिसाओ होंडा आणि अमेरिकेतले जॅक फिशर यांनी हाच प्रश्न गणिताने सोडवला. त्यांनी बदामाच्या फांद्यांच्या लांब्या आणि कोन मोजले आणि पानांचा प्रत्येक झुपका म्हणजे एक चकती असं धरून संगणकावर झाड उभं केलं. मग दुबेळक्यातले कोन बदलत गेले आणि प्रत्येक वेळी चकत्या एकमेकींना न झाकता किती क्षेत्र व्यापतात ते पाहिलं. सर्वाधिक क्षेत्र देणारे कोन खऱ्या झाडाच्या कोनांच्या अगदी जवळ निघाले. १९७८ मध्ये ‘सायन्स’मध्ये हा निबंध छापून आला. ओंजळभर रुंद पानं एकमेकांच्या सावलीत न येता ऊन कसं वाटून घेतात, याचं हे उत्तर मला अजूनही थक्क करतं.

मार्केट यार्डात ज्या आंबेगाव-जुन्नरची भाजी उतरते, त्याच तालुक्यांच्या डोंगराळ पश्चिम भागात हिरडा वाढतो. त्याचं शास्त्रीय नाव टर्मिनालिया चेब्युला. ‘चेब्युला’मध्ये काबूल दडलेलं आहे. या डोंगराळ भागातली आदिवासी कुटुंबं उन्हाळ्यात झाडावर चढून, फांद्या झोडपून कोवळी फळं पाडतात आणि वाळवतात. आत बी टणक होण्याआधीच ती उतरवावी लागतात. हा बाळहिरडा. औषधाला तो लागतोच, शिवाय हिरड्यात टॅनिन भरपूर असल्यामुळे कातडी कमावण्यासाठीही त्याला पूर्वापार मागणी आहे. हिरड्याचं पान हाती आलं तर देठ पाहावा. पातं सुरू होतं त्याच्या जरा खाली दोन बारीक गाठी असतात. त्या मधुग्रंथी आहेत, फुलाबाहेर मध देणाऱ्या.