इंजिनाचा काळा धूर म्हणजे वाया गेलेले डिझेल

भातशेतीच्या जोडीला मासेमारी करणाऱ्या कोकणातील बांधवांनो, जून-जुलैची बंदी उठून बोट समुद्रात गेली की धुराकडे लक्ष ठेवा. काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेले डिझेल.

पहिले कारण हवेची कमतरता. एअर फिल्टर साफ करावा. इंजिनघरात हवा खेळती ठेवावी. दुसरे कारण जादा ओढ. पंख्यात अडकलेली दोरी काढावी. बोट किनाऱ्यावर असतानाच तळाचे शेवाळ, शिंपले खरवडावेत. एवढे करूनही धूर राहिला, तर नोझल जाणकार कारागिराकडून तपासून घ्यावे. त्याच्या फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नये. डिझेल कातडी भेदून आत शिरते.

पंपाचे सील तोडून डिझेल वाढवू नये. त्याने खर्च वाढतो आणि भर समुद्रात इंजिन दगा देते.