माशाच्या डोक्यावरचा फ्लोट

पवईच्या तलावावर गळ टाकणाऱ्यांना कटला मासा चांगला ओळखीचा. त्याचं तोंड वर वळलेलं, कारण तो वरच्या थरात चरतो. म्हणून गळ उथळ ठेवायचा, अवघा हातभर खोल. पण मग दोरीवरचा तरंगता फ्लोट माशाच्या डोक्यावरच येतो!

पाण्यातून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचं सगळं जग सुमारे ९७ अंशांच्या एका गोल खिडकीतून दिसतं. तिच्याबाहेर पृष्ठभाग आरशासारखा असतो. ३० सेंटीमीटर खोलीवर ही खिडकी जेमतेम ६८ सेंटीमीटर रुंद. आमिष फ्लोटच्या खालीच लटकतं, त्यामुळे फ्लोट खिडकीच्या मधोमध येतो. रंगवलेला असेल तर उजळ आकाशावर काळा ठिपका. पारदर्शक प्लास्टिक प्रकाश जाऊ देतं, सावली फिकट पडते.

तरी ते अदृश्य नसतं. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, अॅक्रिलिक या पारदर्शक प्लास्टिकचा १.४९, हा फरक फार नाही. पण अॅक्रिलिक पाण्यापेक्षा जड, भरीव केलं तर बुडेल. तरंगायला पोटात हवा हवीच, आणि हवेचा १.०० असल्यामुळे कडा बुडबुड्यासारख्या चमकतात. म्हणून पोकळी जितकी बारीक तितकी बरी; वजन पेलण्यापुरतीच घ्यावी.

पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात या साऱ्याला फारसा अर्थ नाही, तिथे साधा फ्लोट चालतो. पाण्याबाहेरचं टोक मात्र भडक नारिंगीच घ्या. ते आपल्याला दिसायला हवं.